शेऱ्याचा रकाना

त्या उन्हाळ्यात घरात माझ्याकडे एकच काम होतं, कावळे हाकलायचं. सारंगखेड्याला आमचं घर नदीकडच्या अंगाला आणि वैशाखात आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसे. जुन्या साड्या अंथरून त्यांवर पापडासारख्या ज्वारीच्या बिबड्या वाळत घातलेल्या, पलीकडे कुरडया, आणि उभ्या केलेल्या खाटेच्या सावलीत काठी घेऊन बसलेली अकरा वर्षांची मी. माय उजाडायच्या आधी चुलीवर मोठ्या पातेल्यात बिबड्यांचं पीठ शिजवायला घ्यायची. लसूण-मिरचीचा वास आणि त्या घट्ट पिठाचा लपक-लपक आवाज अंथरुणातच माझ्यापर्यंत पोचायचा, की मी वाटी घेऊन हजर. वाटीत गरम पीठ, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल. जगातली बरीच हॉटेलं मी नंतर पाहिली, पण तसं काही कुणी वाढलं नाही. तर हे पीठ खाऊन मी राखणीला बसे आणि राखण सोडून सगळं करी. एक कावळा बिबडी उचलून आधी हौदाच्या पाण्यात भिजवायचा, मऊ झाली की मग खायचा. त्याची ती अक्कल बघून मी इतकी खूश झाले की धावत जाऊन मायला सांगितलं. माय म्हणाली, "तू हाकली ऱ्हायनी व्हती का दखी ऱ्हायनी व्हती?"

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ भास्करकाका नंदुरबारला एका सरकारी कचेरीत कारकून होता. त्या वर्षी त्याने साठलेली सगळी रजा एकदम घेतली आणि गावी आला. घरात कारण सांगितलं ते लग्न जमवायचं. काका मनाने सोन्यासारखा, पण अंगाने अगदीच काडी. आधीची दोन स्थळं त्यावरूनच परतली होती. एका मुलीच्या आजोबांनी तर तोंडावर सांगितलं होतं, "पोऱ्या चांगला शे, पन वारा सुटना ते याले धरी कोन?" हे वाक्य आमच्या घरात पुढे कित्येक वर्षं वारा सुटला की कुणीतरी म्हणायचंच. रजेचं खरं कारण मात्र काकाच्या कापडी पिशवीत होतं. बदली झालेल्या कुठल्याशा साहेबाने घरातलं सामान विकायला काढलं, त्यातून काकाने एक दुर्बीण घेतली होती. काळी, जड, चामड्याच्या पट्ट्याची. तिच्या डाव्या नळीत बुरशीचा ढग साचला होता, त्यामुळे काका डावा डोळा मिटून उजव्याने बघायचा. पुढेपुढे त्याला इतकी सवय झाली की दुर्बीण खाली ठेवली तरी डावा डोळा पाच-दहा मिनिटं मिटलेलाच राही.

पहिल्याच सकाळी त्याने गच्चीवर येऊन विचारलं, "रंजी, तुन्हं अक्षर कसं शे?" मी म्हटलं, वर्गात पहिलं. झालं, माझी बदली गच्चीवरून नदीवर झाली. बिबड्यांची राखण करायला मायने एक जुना सदरा काठीला बांधून उभा केला आणि कावळे म्हणे त्याच्या खांद्यावर बसून खात.

उन्हाळ्यातली तापी तेव्हा दोन ओढ्यांएवढी व्हायची आणि मध्ये पांढऱ्या वाळूचं लांबलचक बेट उघडं पडायचं. आता बॅरेज झालं. बारा महिने पाणी तुडुंब, वरच्या शेतांत केळी आणि ऊस, त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही. त्याच पाण्यावर माझ्या भावांची घरं उभी राहिली. पण माझ्या नातीला मी सांगते की इथे मधोमध बेट होतं आणि त्यावर टरबुजांच्या वाड्या असायच्या, तर ती पाण्याकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते, तेव्हा तिला माझ्याबद्दल काळजी वाटते हे मला कळतं.

आमच्या बाजूच्या उंच दरडीवर एक निंब होता. त्याच्या सावलीत आमचं बस्तान, रोज सकाळी सहा ते दहा. दहानंतर वाळू तापून हवा अशी थरथरायला लागायची की दुर्बिणीतून बगळाही उंटासारखा दिसायचा. त्या चार तासांत काय काय पाहिलं! एक कोल्हा टरबुजांच्या वाडीत शिरून प्रत्येक फळाला नाकाने ढकलून बघायचा आणि नेमकं पिकलेलंच फोडायचा. बाजारात अप्पांना ते कधी जमलं नाही. दरडीच्या कपारीत एक घोरपड राहायची. तिला जवळून बघायचं म्हणून काका पोटावर सरपटत कडेपर्यंत गेला आणि मी त्याचे पाय धरले. घोरपड हलली, मी किंचाळले, आणि किंचाळताना हात सुटले. काका दरडीवरून घसरत खाली गाळात जाऊन उभा राहिला तो कमरेपर्यंत. दुर्बीण मात्र त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती, कोरडी ठणठणीत. "लिख," तो खालूनच ओरडला, "सहा पन्नास, घोरपड पयनी!"

लिहायचं ते एका लांब वहीत. काकाने तिचे रकाने कचेरीतल्या रजिस्टरसारखे पट्टीने आखले होते: अनुक्रमांक, वेळ, तपशील, शेरा. घरात आम्ही सगळे अहिराणी बोलायचो, पण नोंद म्हटली की काकाला शुद्ध मराठीच लागे. तो तपशील सांगायचा, मी लिहायची. शेऱ्याचा रकाना दोन दिवस रिकामाच राहिला, तेव्हा तो म्हणाला, "रिकामा रकाना सायेबले चालस नही." मी विचारलं, कोणत्या साहेबाला? "कोनताबी सायेबले." मग शेरे मी माझ्या मनाने लिहायला लागले.

आमचा सगळ्यात मोठा विषय होता बेटाच्या पलीकडच्या टोकावरची पाखरं. पांढरीशुभ्र, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, कात्रीसारखी शेपटी. काकाजवळच्या पाखरांच्या पुस्तकात त्यांचं नाव नदी सुरय असं होतं, गावचा नावाडी नुसतं 'धवयी पाखरं' म्हणायचा. घरटं म्हणजे वाळूत टाचेने केल्यासारखा खळगा आणि त्यात वाळूच्याच रंगाची अंडी. अशी पाच घरटी होती. काका एकदा पाण्यातून चालत जाऊन अंडी मोजून आला. पहिल्या घरट्यात तीन, एवढं मोजून झालं आणि मग पाखरांनी त्याला बाकीची मोजू दिली नाहीत. काकाच्या पद्धतीने त्यांना क्रमांक एक, क्रमांक दोन म्हणायचं होतं. पण एके दिवशी जेवताना अप्पा म्हणाले की पल्याडच्या गावात एक स्थळ आहे, मुलगी मॅट्रिक आहे, नाव सुमन, पुढच्या गुरुवारी बघायला जायचं. काकाला आमरसाचा ठसका लागला. दुसऱ्या सकाळी मी वहीत क्रमांक एकच्या जागी लिहिलं, 'सुमन'. काकाने ते वाचलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "सरकारी नोंदमा आसं नाव लिखतस नही," तो म्हणाला. पण खोडलं नाही.

मग काय! 'सकाळी ६.१०. सुमन बसून आहे. शेरा: रात्रभर बसली असावी.' 'सकाळी ७.४०. सुमन पाण्यात उतरली. पोट ओलं करून आली. शेरा: फार उकडतं आहे.' अंडी उन्हाने तापू नयेत म्हणून ती पाखरं खरोखरच पोटाची पिसं भिजवून येतात. 'सकाळी ८.०५. सुमनच्या नवऱ्याने मासा आणला. सुमनने घेतला नाही. शेरा: मासा बारीक होता. नवरा पण बारीक आहे.'

आम्हाला एक गोष्ट कधी सुचलीच नाही. पाखरांच्या त्या टोकामागे, अगदी सरळ रेषेत, पल्याडच्या गावाचा धुण्याचा घाट होता. आम्हाला दिसायची पाखरं. घाटावरच्या बायांना दिसायचा निंबाखालचा एक माणूस, रोज सहा ते दहा, डोळ्याला नळकांडं लावून त्यांच्याकडे तोंड करून बसलेला, आणि शेजारी एक पोरगी, तो सांगेल ते सगळं लिहून घेणारी.

गुरुवारला तीन दिवस राहिले असताना पल्याडहून एक नाव निघाली. वाळूच्या टोकाला वळसा घालून ती सरळ आमच्याकडे यायला लागली. काका दुर्बिणीतून बघत सांगत होता, मी लिहीत होते. "नऊ दहा. नावमा दोन बाया. एक म्हातारी, एक जुवान. म्हातारीना हातमा धोपटनं शे." मग थांबून म्हणाला, "कपडा धोवाले इकडे काबर इ ऱ्हायन्यात ह्या?" मी शेऱ्यात लिहिलं, 'राग आलेला दिसतो.'

नाव टेकली. म्हातारी धोपटणं घेऊन दरड अशी चढली की मागच्या तरुण मुलीला डोक्यावरचा पदर सांभाळत पळावं लागलं. मुलीच्या हातात कागद आणि पेन होतं. म्हातारीने काकाला जवळून न्याहाळलं. काकाचा डावा डोळा सवयीने मिटलेला होता.

"हाऊच तो!" म्हातारी गरजली. "दख, आते बी डोया मारी ऱ्हायना! काय रे, आम्हना घाटवर काय सोनं सांडेल शे का? रोज काय दखस?"

काका घाबरला की पुस्तकी मराठीत जायचा. तो उभा राहून म्हणाला, "बाई, मी निरीक्षण करतो आहे."

"काय करस?"

"निरीक्षण."

"ऐकं का?" म्हातारी मुलीकडे वळली. "कबूल बी करी टाकं! लिख व. सरपंचले अर्ज देना शे."

मुलगी दगडावर बसून लिहायला लागली. आणि इथे काकाच्या रक्तातला कारकून जागा झाला. अर्ज हा शब्द ऐकल्यावर त्याला गप्प बसणं शक्यच नव्हतं. तो थोडा वाकून म्हणाला, "तारीख उजव्या कोपऱ्यात घ्या. आणि 'विषय' स्वतंत्र ओळीत. 'नदीकाठी आढळलेल्या संशयास्पद इसमाबाबत', असं लिहिलंत तर लवकर दखल घेतात." मुलीने मान वर न करता तसं लिहिलं. "आता इसमाचं संपूर्ण नाव लागेल," काका म्हणाला, आणि त्याने ते स्वतःच सांगितलं: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, आणि नंदुरबारची कचेरी हुद्द्यासकट.

पेन थांबलं.

"फुई," मुलगी हळूच म्हणाली. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. "गुरुवार."

"काय गुरुवार?"

"गुरुवारले येनार पाव्हना. ह्याच शेत."

फुईचं धोपटणं खाली आलं. तिने काकाला पुन्हा खालपासून वरपर्यंत पाहिलं. फार वेळ लागला नाही, काका होताच तेवढा. "सुमन," ती म्हणाली, "खरं सांगी ऱ्हायनी का तू?"

सुमन! काकाचा मिटलेला डोळा त्या क्षणी फाटकन उघडला. मी वही खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. पण फुईच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "आते ते ती वही वाचनीच पडी," ती म्हणाली. "ज्यानाकडे पोर देवानी तो दिनभर काय लिखस ते समजाले पाहिजे. ऊठ व पोरी."

"मन्हा पायले मुंग्या उन्यात," मी म्हटलं.

फुईने मला एका हाताने उचललं आणि दुसऱ्या हाताने वही काढली. तिला वाचता येत नव्हतं. तिने ती सुमनच्या मांडीवर ठेवली. मी काकाकडे बघितलं. तो पांढराफटक पडला होता, आणि सगळं माझ्यामुळे होत होतं. माझं अक्षर, माझं ते नाव, माझे ते शेरे. दोन स्थळं अंगकाठीवरून गेली होती, हे तिसरं माझ्या हुशारीवरून जाणार होतं. कुठून तरी वारा सुटावा आणि ती वही नदीत जावी असं मला वाटत होतं, पण पान हलत नव्हतं.

सुमनने पान उघडलं. वाचलं. दुसरं उलटलं. मग तिने पदराचा शेव तोंडात घातला आणि तिचे खांदे गदगदायला लागले.

"रडू नको व!" फुई म्हणाली. "काय लिखेल शे ते सांग फक्त. बाकीनं मी दखी लेसू." आणि तिने धोपटणं पुन्हा उचललं.

सुमनने शेव तोंडातून काढला. मग शाळेत धडा वाचतात तशा सुरात वाचायला सुरुवात केली. "सकाळी सहा दहा. पक्षी बसून आहे." बोट पुढे सरकलं. "सात चाळीस. पक्षी पाण्यात जाऊन आला." मी आ वासून बघत राहिले. तिचं बोट 'सुमन' ह्या शब्दावर होतं आणि तोंड 'पक्षी' म्हणत होतं. "आठ पाच. दुसऱ्या पक्ष्याने मासा आणला." इथे तिचा आवाज चिरकला, पण तिने खोकून निभावलं. शेऱ्याच्या रकान्यातलं एक अक्षर तिने वाचलं नाही.

"इतलंच?" फुईचा विरस झाला होता.

"इतलंच शे फुई. चाळीस पानं हाईच शे."

फुईचा विश्वास बसेना. तिने काकाच्या गळ्यातून दुर्बीण काढली आणि उलटी डोळ्याला लावली. "माय व! मन्हं गाव कितलं दूर गयं!" काकाने ती सुलटी करून दिली. फुईने पाखरं पाहिली, हुं म्हटलं, मग दुर्बीण हळूहळू डावीकडे नेली आणि एकदम ताठ झाली. "तो मन्हा म्हातारा शे! कंबर दुखस म्हनीसन सकायपासून खाटवर पडेल व्हता! टरबूजनी वाडीमा काय करी ऱ्हायना?" तिचे यजमान वाडीत मांडी घालून बसले होते म्हणे, आणि डॉक्टरांनी गोड बंद केलेलं असताना फोडीवर फोड खात होते. दुर्बिणीत ते इतके जवळ दिसत होते की फुई मोठ्याने ओरडली, "ओ! ठेवा ती फोड खाले!" आणि एवढ्या जवळून सांगूनही हा माणूस ऐकत नाही, याचा तिला खरोखर धक्का बसला. दुर्बीण माझ्या हातात कोंबून ती धोपटण्यासकट नावेकडे धावली. आमचा गुन्हा तिच्या डोक्यातून साफ गेला होता.

सुमन मागे राहिली. तिने वही बंद करून मला दिली. काकाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. जे बोलली ते माझ्याशीच.

"सुमननी मासा काबर लिधा नही?"

"बारीक व्हता," मी म्हटलं.

"आन नवरा?"

काका निंबाच्या खोडाकडे तोंड करून उभा होता.

"मासा मोठा लयना पडी," ती पदर नीट करत म्हणाली. "नवरा चाली." आणि दरड उतरून गेली.

काका मग दोन दिवस धड जेवला नाही. मी विचारलं तर म्हणाला की 'नवरा चालेल' ही चेष्टा होती. शिकलेल्या मुली अशी चेष्टा करतात आणि मग घरी जाऊन नाही म्हणतात. मला ते पटलं नव्हतं, पण माझ्या मताला शेऱ्याच्या रकान्याबाहेर किंमत नव्हती. पाखरांवर लक्ष ठेवायला त्या दोन्ही सकाळी मी एकटीच दुर्बीण घेऊन गेले. बुधवारी सुमनच्या, म्हणजे पाखराच्या, पोटाखालून वाळूच्या रंगाचं काहीतरी बाहेर आलं आणि धडपडत पुन्हा आत गेलं. थोड्या वेळाने आणखी एक. मी घरापर्यंत पळत आले आणि काकाला सांगितलं. त्या दिवशी तो दोन भाकरी जेवला.

गुरुवारी आम्ही सगळे नावेत बसलो. अप्पांची टोपी कडक, काकाचा सदरा नवा पांढरा. नाव वाळूच्या टोकाजवळून जायला लागली तसा काका उभा राहून नावाड्याला म्हणाला, "दूरथून ने भाऊ, पिलं शेत." नाव वळेपर्यंत पाचही जोड्या आमच्यावर तुटून पडल्या. अप्पांची टोपी उडाली. काकाच्या खांद्यावरून छातीपर्यंत पांढरा ओघळ आला, पांढऱ्या सदऱ्यावरही स्पष्ट दिसेल असा. मायने पुसायचा प्रयत्न केला तो आणखी पसरला. आम्ही मुलगी बघायला गेलो ते असे.

बैठकीत फुई सगळ्यांत पुढे बसली होती. आम्हाला तिने जन्मात पहिल्यांदा बघितल्यासारखं करून पाणी विचारलं. तिच्या मागे तिचे यजमान कोपऱ्यात खाली मान घालून बसले होते. सुमनने पोह्यांच्या बशा आणल्या, ठेवल्या आणि समोरच्या पाटावर बसली. नाव काय, शिक्षण किती, हे सगळं अप्पांनी विचारून झालं. मग मुलीचे वडील काकाला म्हणाले, "तुम्हले काही इचारनं व्हई ते इचारा." काका पोह्यांकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावरून घाम निघाला आणि त्या ओघळात जाऊन मिळाला. मायने मला कोपर मारलं, जणू मीच काही विचारायचं राहिलं होतं. मुलीचे वडील अप्पांकडे बघायला लागले, अप्पा छताकडे. हे स्थळही आता उठणार हे मला दिसत होतं.

तेवढ्यात सुमननेच मान वर केली. बघायला आलेल्या मुलाला मुलीने प्रश्न विचारायची तेव्हा रीत नव्हती.

"पिलं निघनात का?" तिने विचारलं.

अप्पांच्या हातातला चमचा हवेत राहिला. काकाने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"दोन निघनात," तो म्हणाला. "तिसरं आज संध्याकायलोंग."

कोणाची पिलं, कसली पिलं, हे विचारायला मुलीच्या वडिलांनी तोंड उघडलं होतं. पण फुईने त्यांच्या गुडघ्यावर दाणकन हात मारला.

"तठे पिलं बी निघी गयात," ती म्हणाली, "आन आठे आपलं आजून पोहाच चाली ऱ्हायनात!"